सीसीएनएची तयारी: आधी अंदाज लिहा, मग कमांड द्या

शनिवारी सकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांपैकी जवळपास प्रत्येकाने सीसीएनएचे, म्हणजे सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग परीक्षेचे, तासन्‌तास व्हिडिओ पाहिलेले असतात. मी फळ्यावर राउटिंग टेबलच्या (कोणत्या नेटवर्कला कुठून जायचं याच्या राउटरमधल्या यादीच्या) दोन ओळी लिहितो. एक, १०.१.०.०/१६, स्टॅटिक, म्हणजे हाताने लिहिलेली. दुसरी, १०.१.१.०/२४, ओएसपीएफमधून, म्हणजे राउटर एकमेकांना वाटा कळवतात त्या प्रोटोकॉलमधून, शिकलेली. आणि विचारतो, १०.१.१.५ ला निघालेलं पॅकेट कोणत्या वाटेने जाईल? बहुतेक हात 'स्टॅटिक'साठी वर होतात. स्टॅटिकचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (वाटेच्या भरवशाचा आकडा, लहान तो बरा) १ आणि ओएसपीएफचं ११०, हे सगळ्यांचं पाठ असतं. पाठांतर बरोबर आहे, पण उत्तर चुकलेलं असतं. डिस्टन्सची तुलना होते ती एकाच नेटवर्कला, तेवढ्याच प्रीफिक्सला (तिरक्या रेघेनंतरचा आकडा) दोन वाटा सापडल्या तर. इथे प्रीफिक्स वेगळे आहेत, म्हणून दोन्ही ओळी टेबलात राहतात आणि पॅकेट जास्त नेमक्या वाटेने, म्हणजे /२४ च्या वाटेने जातं.

ही मुलं आळशी नसतात, त्यांचा अभ्यास एकाच बाजूने झालेला असतो. व्हिडिओत शिकवणारा कमांड देतो, आउटपुट येतं, आपल्याला पटतं आणि कळल्यासारखं वाटतं. परीक्षेत मात्र आउटपुट तुमच्यासमोर टाकतात आणि मागे काय घडलं ते विचारतात. म्हणून माझ्याकडे एकच सक्ती आहे: दोनशे पानी वही. एंटर दाबायच्या आधी समोर काय दिसेल ते वहीत लिहायचं, मग एंटर दाबायचं. अंदाज चुकला तर तो खोडायचा नाही, शेजारी कारण लिहायचं. खाली जे सांगणार आहे ते सगळं या वहीभोवती फिरतं.

परीक्षेची ओळख

सीसीएनए ही सिस्कोची प्राथमिक पातळीवरची, पण गांभीर्याने घेतली जाणारी परीक्षा. आजची २००-३०१ ही परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० पासून सुरू झाली. त्याआधी सिक्युरिटी, वायरलेस अशा वेगवेगळ्या सीसीएनए होत्या; त्या बंद होऊन एकच राहिली. २० ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ ही आवृत्ती लागू झाली. कसलीही पूर्वअट नाही: पदवी नको, अनुभवाचा दाखला नको. डिप्लोमावाला, बीसीएसवाला, बीकॉम करून हार्डवेअरच्या दुकानात बसलेला, कुणीही देऊ शकतो. वेळ १२० मिनिटं, भाषा इंग्रजी किंवा जपानी, प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं.

अभ्यासक्रमाचे सहा भाग आणि त्यांचं वजन असं: नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, नेटवर्क ॲक्सेस २० टक्के, आयपी कनेक्टिव्हिटी २५ टक्के, आयपी सर्व्हिसेस १० टक्के, सुरक्षेची मूलतत्त्वं १५ टक्के, ऑटोमेशन १० टक्के. पहिल्या तिघांची बेरीज ६५. म्हणजे पत्ते, स्विचिंग आणि राउटिंग पक्कं झालं की पाया भरला. सिस्को आपल्या संकेतस्थळावर विषयांची यादी मोफत देते. तिची छापील प्रत काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. त्या यादीतली क्रियापदं नीट वाचा. जिथे 'कॉन्फिगर अँड व्हेरिफाय' लिहिलंय तिथे हात चालले पाहिजेत, जिथे 'डिस्क्राइब' आहे तिथे संकल्पना सांगता आली तरी पुरे. मुलं उलटं करतात: वायरलेसच्या बारीकसारीक तपशिलात आठवडा घालवतात आणि ट्रंक (अनेक व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचवरची वेगळी नेटवर्क, वाहणारी जोडणी) कॉन्फिगर करायला गेल्यावर अडतात.

खर्चाचं आधीच बोलूया, कारण घरी तोच प्रश्न पहिला येतो. फी ३०० डॉलर, वर कर. डॉलरचा भाव पाहता सगळं मिळून तीस हजार रुपयांच्या आसपास धरून चला. नापास झालात तर पूर्ण फी पुन्हा. त्यामुळे घाईने बुकिंग करू नका. पण तारीखच न ठरवता वर्षभर 'तयारी चालू आहे' म्हणत राहणं त्याहून वाईट. माझा सल्ला असा: सबनेटिंग (मोठं नेटवर्क लहान भागांत तोडण्याचं गणित) हातात बसलं आणि खाली दिलेली लॅब कोऱ्या फाइलपासून दोनदा उभी करता आली, की सहा आठवड्यांनंतरची तारीख घ्या.

एवढी फी भरायची की नाही अशी शंका असेल, तर आधी दोन महिने फुकट अभ्यास करून बघा. सिस्को नेटवर्किंग ॲकॅडमीचं खातं मोफत उघडता येतं आणि त्यातून पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. साध्या लॅपटॉपवर ते चालतं. महागडी उपकरणं लागत नाहीत. हातात खरी केबल आणि खरा स्विच असावा असं वाटत असेल तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुना २९६० स्विच शोधता येईल. कन्सोल केबल लावून कोऱ्या स्विचवर पहिल्यांदा प्रॉम्प्ट दिसतो तेव्हा होणारा आनंद मला अजून आठवतो. पण परीक्षेसाठी पॅकेट ट्रेसर पुरेसं आहे. त्यात काही कमांड चालत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा. कमांड चालली नाही म्हणजे तुम्हीच चुकलात असं नाही.

वेळापत्रक

नोकरी करणाऱ्याला सहा महिने, पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्याला साडेतीन ते चार. आठवड्यातले पाच दिवस रोज दीड तास, त्यातला निम्मा वेळ वाचन किंवा व्हिडिओ आणि निम्मा लॅब. शनिवार किंवा रविवारी सलग तीन तास, त्यात नवीन काहीही नाही, फक्त त्या आठवड्याची लॅब कोऱ्या फाइलपासून पुन्हा. एक पुस्तक आणि एकच व्हिडिओ मालिका धरा. तीन मालिका अर्धवट पाहिलेले मी खूप पाहिले आहेत; त्यांचा पहिला भाग उत्तम असतो आणि पुढे अंधार.

क्रम असा ठेवा: ओएसआय आणि टीसीपी-आयपी (नेटवर्कचं काम थरांत मांडणारी मॉडेलं), मग आयपी पत्ते आणि सबनेटिंग, मग स्विच, व्हीलॅन, एसटीपी (फेरा होऊ नये म्हणून जादा वाट बंद ठेवणारा प्रोटोकॉल), ईथरचॅनल (अनेक केबलींची एक जोडणी), मग स्टॅटिक राउटिंग, ओएसपीएफ, मग सर्व्हिसेस, सुरक्षा आणि शेवटी वायरलेस आणि ऑटोमेशन. सबनेटिंग संपवून पुढे जायचं नसतं, ते रोज सोबत चालवायचं असतं. सकाळच्या चहाबरोबर पाच गणितं, परीक्षेच्या दिवसापर्यंत.

सबनेटिंग: तीस सेकंदांत

परीक्षेत कॅल्क्युलेटर नसतो. दोन-दोन मिनिटं बायनरी मांडत बसलात तर वेळ पुरणार नाही. बायनरी एकदा समजून घ्या, का ते कळू द्या, आणि मग ही उडी शिका.

पत्ता आहे १९२.१६८.१०.७७/२७. सत्तावीस बिट म्हणजे मास्कचा (नेटवर्कचा भाग दाखवणाऱ्या आकड्यांचा) शेवटचा आकडा २२४. २५६ वजा २२४, उरले ३२. ही उडी. आता ३२ चा पाढा: ०, ३२, ६४, ९६. सत्त्याहत्तर हे ६४ आणि ९६ च्या मध्ये. म्हणून नेटवर्क १९२.१६८.१०.६४, पुढचं नेटवर्क ९६ ला सुरू होतं म्हणून ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) ९५, वापरायचे पत्ते ६५ ते ९४, एकूण ३०. झालं.

गडबड होते ती मास्क तिसऱ्या ऑक्टेटमध्ये (पत्त्याच्या तिसऱ्या आकड्यात) संपतो तेव्हा. १७२.१६.४५.२००/२० घ्या. वीस बिट, म्हणजे मास्क २५५.२५५.२४०.०. उडी २५६ वजा २४०, म्हणजे १६, पण ती तिसऱ्या ऑक्टेटमध्ये. पाढा: ०, १६, ३२, ४८. पंचेचाळीस हे ३२ आणि ४८ च्या मध्ये. नेटवर्क १७२.१६.३२.०, ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. शेवटच्या २०० चा इथे काही संबंध नाही, आणि तिथेच डोळा अडकतो. वापरायचे पत्ते ४०९४.

वाइल्डकार्ड मास्क (उलटा मास्क) याच उडीतून निघतो: उडी वजा एक. /२७ चा ०.०.०.३१, /२६ चा ०.०.०.६३. ओएसपीएफ आणि ॲक्सेस लिस्टमध्ये (कोणाला जाऊ द्यायचं, कोणाला अडवायचं याची यादी) तो रोज लागणार आहे, म्हणून गणित सोडवताना चौथ्या उत्तराच्या जागी तोही लिहीत जा. एका गणिताला तीस सेकंद लागायला लागले की थांबा. वीस सेकंदांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तेवढी घाई केली की चुका वाढतात.

एकच लॅब, चार महिने

पन्नास छोट्या लॅब करण्यापेक्षा एक लॅब वाढवत नेणं मला जास्त परिणामकारक वाटतं, कारण खऱ्या कामात नेटवर्क असंच वाढतं. कागदावर एक पतसंस्था काढा: मुख्य कार्यालय आणि दोन शाखा. मुख्य कार्यालयात १०० पत्ते लागणार, पहिल्या शाखेत ५०, दुसऱ्या शाखेत २५. मुख्य कार्यालयाच्या राउटरपासून प्रत्येक शाखेला एक लिंक. हातात पत्ता एकच: १९२.१६८.४०.०/२४.

मोठी गरज आधी भागवायची. मुख्य कार्यालयाला ०/२५, म्हणजे ० ते १२७. पहिल्या शाखेला १२८/२६, म्हणजे १९१ पर्यंत. दुसऱ्या शाखेला १९२/२७, म्हणजे २२३ पर्यंत. दोन लिंकना २२४/३० आणि २२८/३०. हे पॅकेट ट्रेसर न उघडता कागदावर करा. प्रत्येक राउटरच्या पोर्टशेजारी पत्ता लिहा. कागद तयार नसताना कीबोर्डला हात लावायचा नाही.

आता राउटर. नाव द्या, पासवर्ड लावा, एसएसएच (दुरून सुरक्षितपणे आत शिरण्याची सोय) चालू करा: होस्टनेम, डोमेन नेम, युजर, आरएसए की, मग व्हीटीवाय लाइनवर 'लॉगिन लोकल' आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'. होस्टनेम किंवा डोमेन नेम दिलं नाही तर की बनवताना राउटर अडवतो. तो काय म्हणेल ते आधी वहीत लिहा आणि मुद्दाम ते न देता करून बघा. पोर्टला पत्ता दिल्यावर 'नो शटडाउन' द्या; राउटरचे पोर्ट मुळात बंद असतात, स्विचचे चालू.

आधी स्टॅटिक राउट. पहिल्या शाखेतून दुसऱ्या शाखेत पिंग करण्याआधी वहीत लिहा: जाईल का, परत येईल का? जाण्याची वाट दिली आणि येण्याची विसरली की पिंग पडतो, आणि नवशिका जाण्याच्या वाटेकडेच तासभर बघत बसतो. मग सगळं बरोबर केल्यावर राउटरवरून पिंग द्या. पाच चिन्हं येतील, आणि बऱ्याचदा पहिलं टिंब असेल, उरलेली चार उद्गारचिन्हं. पहिलं का पडलं? एआरपीचं (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारण्याचं) उत्तर यायला वेळ लागला. पुन्हा लगेच पिंग द्या, पाचही येतील. हा छोटा अंदाज बरोबर लिहिता आला की दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातलं नातं समजलं असं मी मानतो.

स्टॅटिक राउट काढून ओएसपीएफ लावा, सगळं एरिया ० मध्ये. 'शो आयपी ओएसपीएफ नेबर' देण्याआधी लिहा: शेजारी किती, स्थिती काय? सीरियल लिंक असेल तर 'फुल' पुढे फक्त एक रेघ दिसते, कारण पॉइंट-टू-पॉइंट लिंकवर डीआर (त्या जोडणीवरचा प्रमुख राउटर) निवडला जात नाही. ईथरनेट लिंक असेल तर डीआर किंवा बीडीआर (त्याचा राखीव) दिसेल. कोण होईल? ज्याची प्रायॉरिटी जास्त तो. सारखी असेल तर ज्याचा राउटर आयडी मोठा तो. आणि आयडी कुठून येतो? हाताने दिलेला असेल तर तो, नाहीतर लूपबॅकचा (राउटरच्या आतल्या काल्पनिक पोर्टचा) सर्वांत मोठा पत्ता, तोही नसेल तर चालू पोर्टांपैकी सर्वांत मोठा पत्ता. आता दुसऱ्या राउटरची प्रायॉरिटी २०० करा. तो लगेच डीआर होईल का? होणार नाही. निवडणूक एकदा झाली की गादीवर बसलेला आपोआप उठत नाही. प्रक्रिया पुन्हा सुरू करावी लागते.

मग 'शो आयपी राउट'. चौकटी कंसात [११०/६५] सारखं काही दिसेल. पहिला आकडा डिस्टन्स, दुसरा मेट्रिक, म्हणजे वाटेची किंमत. गिगाबिट आणि फास्ट ईथरनेट दोन्हींची ओएसपीएफ किंमत १ का येते, हेही वहीत सोडवा: संदर्भ बँडविड्थ मुळात १०० एमबीपीएस आहे आणि एकाहून कमी किंमत नसते.

यानंतर मुख्य कार्यालयाच्या /२५ चे दोन /२६ करा: काउंटरसाठी व्हीलॅन १०, कार्यालयासाठी व्हीलॅन २०. राउटरवर सबइंटरफेस, स्विचवर ट्रंक. इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. ट्रंकवर नवीन व्हीलॅनला परवानगी देताना 'ॲड' शब्द विसरलात, तर जुनी यादी पुसली जाते आणि फक्त नवा व्हीलॅन उरतो. मी एका ग्राहकाकडे भर दुपारी हे केलं आहे. एक मजला पूर्ण बंद पडला आणि मी ज्या जोडणीवरून आत शिरलो होतो तीही गेली. जिना उतरून कन्सोल केबल लावावी लागली. तुम्ही हे लॅबमध्ये मुद्दाम करा, काय दिसतं ते लिहा.

पुढे एकेक वीट चढवत जा. मुख्य कार्यालयात डीएचसीपी सर्व्हर (पत्ते आपोआप वाटणारा), शाखांच्या राउटरवर 'आयपी हेल्पर-ॲड्रेस', कारण ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही. बाहेर जाण्यासाठी पॅट (अनेकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे नेणारी सोय). शाखेतल्या पाहुण्यांना काउंटरच्या सर्व्हरपासून अडवणारी एक्सटेंडेड ॲक्सेस लिस्ट. तिच्या शेवटी न दिसणारा 'डिनाय' असतो, तो विसरलात की ओएसपीएफचे हॅलोसुद्धा अडतात आणि शेजारी गायब होतो. दुसरा स्विच जोडा, दोघांत दोन केबल टाका, एसटीपीने कोणता पोर्ट बंद केला ते आधी ओळखा, मग तेच दोन पोर्ट ईथरचॅनलमध्ये बांधा. एलएसीपीमध्ये (ईथरचॅनल बांधणारा प्रोटोकॉल) दोन्हीकडे 'पॅसिव्ह' ठेवलं तर बांधणी होत नाही.

रूट ब्रिज (एसटीपीचा केंद्रस्थानचा स्विच) ओळखायला चुकणारे खूप. ज्याचा ब्रिज आयडी सर्वांत लहान तो रूट. प्रायॉरिटी मुळात सगळ्यांची ३२७६८, म्हणून निर्णय मॅक पत्त्यावर जातो, आणि जुन्या स्विचचा मॅक बऱ्याचदा लहान असतो. हातात काही न घेता सोडलं तर कोपऱ्यातला सर्वांत जुना स्विच रूट होऊन बसतो. प्रायॉरिटी बदलायची ती ४०९६ च्या पटीत.

मोडा आणि दुरुस्त करा

लॅब उभी राहिली की ती मित्राला द्या आणि सांगा, तीन गोष्टी बिघडव, मला सांगू नकोस. मित्र नसेल तर स्वतः बिघडवून फाइल सेव्ह करा आणि आठवड्याने उघडा, विसरलेलं असतं. माझी आवडती मोडतोड: एका बाजूचा हॅलो टायमर १० ऐवजी ५ करायचा. शेजारी त्याच क्षणी जात नाही, डेड टायमर संपेपर्यंत टेबलात दिसत राहतो, म्हणून बदलणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. दुसरी, ईथरनेट लिंकच्या एका टोकाचा मास्क /३० ऐवजी /२९. पिंग चालतो, ओएसपीएफ जुळत नाही. तिसरी, संगणकाला चुकीचा गेटवे: आपल्या नेटवर्कमध्ये सगळं चालतं, बाहेर काही नाही.

शोधताना क्रम ठरवून घ्या. केबल आणि पोर्ट, मग व्हीलॅन आणि ट्रंक, मग पत्ता आणि मास्क, मग राउट, शेवटी ॲक्सेस लिस्ट. आणि 'शो रन' पाहून शोधू नका. परीक्षेत तेवढा वेळ नसतो आणि नोकरीत शेकडो ओळींचं कॉन्फिग समोर येतं. 'शो आयपी इंटरफेस ब्रीफ', 'शो इंटरफेसेस ट्रंक', 'शो व्हीलॅन ब्रीफ', 'शो आयपी प्रोटोकॉल्स' या चार कमांडनी निम्मे आजार ओळखता येतात.

ऑटोमेशनला मुलं घाबरतात, पण ते दहा टक्केच आहे आणि वाचून होण्यासारखं आहे. जेसनचा (माहिती लिहिण्याचा एक साचा) तुकडा वाचता आला पाहिजे, रेस्टमधली (प्रोग्रामने दुसऱ्या प्रणालीशी बोलण्याची पद्धत) गेट, पोस्ट, पुट, डिलीट कशासाठी ते ठाऊक हवं, नॉर्थबाउंड आणि साउथबाउंड (कंट्रोलरकडून वर ॲपकडे आणि खाली उपकरणांकडे) यात गल्लत नको, ॲन्सिबल (सेटिंग आपोआप करणारं साधन) उपकरणावर वेगळा एजंट न टाकता काम करतं हे माहीत हवं. १.१ आवृत्तीत पपेट आणि शेफ वगळून टेराफॉर्म आलं आणि एआय, मशीन लर्निंगची तोंडओळखही. एवढ्यासाठी दोन आठवडे पुरतात. सिस्लॉगच्या (उपकरणाच्या नोंदींच्या) ० ते ७ पातळ्या, पोर्ट क्रमांक, वायरलेसच्या सुरक्षेचे प्रकार ही मात्र सरळ पाठांतराची गोष्ट आहे. बसच्या प्रवासात करा.

इंग्रजीबद्दल

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना विषय येतो आणि प्रश्न चुकतो, हे मी वारंवार पाहतो. प्रश्न चार ओळींचा असतो आणि कळीचा शब्द शेवटी असतो: 'नॉट', 'बेस्ट', 'फर्स्ट', 'चूज टू'. सरावाच्या प्रश्नांत शेवटची ओळ आधी वाचायची सवय लावा, मग आकृती, मग बाकीचा मजकूर. संकल्पना मात्र मराठीत समजावून सांगा, घरी बहिणीला, आईला, कुणालाही. डीएचसीपीचे चार टप्पे आईला पटतील अशा भाषेत सांगता आले तर ते परीक्षेत डळमळणार नाहीत. वाचन इंग्रजीत, समजावणं मराठीत, दोन्ही हवं.

डम्पबद्दल

कुणीतरी तुम्हाला टेलिग्रामवर फुटलेल्या प्रश्नांची फाइल देईल, वर 'यातूनच येतं' म्हणेल. घेऊ नका. परीक्षेआधी स्क्रीनवर गोपनीयतेचा करार मान्य करावा लागतो आणि तो मोडणाऱ्याचं प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, पुढच्या परीक्षांना बंदी येऊ शकते. त्याहून मोठं नुकसान मुलाखतीत होतं. मी उमेदवारांना दोन राउटर आणि पडलेला पिंग देतो. कुठून सुरुवात करशील एवढंच विचारतो. प्रमाणपत्र असूनही पाचव्या मिनिटाला गप्प होणारा मुलगा पाहिला की वाईट वाटतं, कारण त्याच्या घरच्यांनी तीस हजार भरलेले असतात. सरावासाठी उत्तराचं कारण समजावणारे प्रश्नसंच वापरा, आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाची लॅब उभी करून बघा.

बुकिंग आणि परीक्षेचा दिवस

परीक्षा पिअर्सन व्ह्यूमार्फत होते, केंद्रावर किंवा घरून. घरची वीज आणि इंटरनेट पूर्ण भरवशाचं नसेल तर केंद्रच घ्या, प्रवास करावा लागला तरी. घरून देताना खोलीचे फोटो काढून पाठवायचे असतात, टेबल रिकामं लागतं, मध्ये कुणी आत येऊन चालत नाही, आणि कागद-पेन मिळत नाही. स्क्रीनवरच्या पाटीवर माउसने सबनेटिंग करणं त्रासाचं आहे. केंद्रावर पुसता येणारी पाटी आणि मार्कर देतात.

खातं उघडताना नाव ओळखपत्राशी तंतोतंत जुळवा. आपल्याकडे एका कार्डावर वडिलांचं नाव मध्ये असतं, दुसऱ्यावर नसतं, तिसऱ्यावर आडनाव आधी. जे ओळखपत्र नेणार त्यावर जसं नाव तसंच खात्यावर. दोन मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो चालत नाही. कोणती चालतात ते बुकिंगच्या मेलमध्ये वाचा. तारीख बदलायची असेल तर २४ तास आधीपर्यंत बदलता येते.

आदल्या दिवशी नवीन काही वाचू नका. वहीतले फक्त चुकलेले अंदाज वाचा. केंद्रावर अर्धा तास आधी पोचा. घड्याळ, मोबाइल, पाकीट लॉकरमध्ये जातं. आत गेल्यावर पाटीवर आधी उड्यांचा तक्ता लिहून काढा: १२८, ६४, ३२, १६, ८, ४ आणि त्यांचे मास्क.

मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. हे एकदा मनाने स्वीकारलं की सोपं जातं. प्रश्नसंख्या दिसली की हिशोब करा. समजा ८० प्रश्न आहेत आणि त्यात तीन लॅब. लॅबला प्रत्येकी आठ मिनिटं, म्हणजे २४. उरली ९६ मिनिटं आणि ७७ प्रश्न, म्हणजे एकाला सव्वा मिनिट. तीन मिनिटं एकाच प्रश्नावर गेली की सर्वांत बरं वाटणारं उत्तर द्या आणि पुढे सरका. लॅबमध्ये आधी सगळी सूचना वाचा, मग 'शो' कमांडनी सध्याची स्थिती बघा, मगच बदल करा. सांगितलेलं नाही ते बदलू नका. नावं आणि क्रमांक अक्षरशः जसे दिलेत तसेच टाका. सेव्ह करायला सांगितलं असेल तर करा.

निकालानंतर

पास की नापास हे कळतं, आणि भागनिहाय टक्केवारी मिळते. पासिंगचे गुण सिस्को जाहीर करत नाही, त्यामुळे कुणी ठामपणे आकडा सांगितला तरी त्यावर तयारी मोजू नका. पास झालात तर ३ वर्षांनंतरची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मुदत संपायच्या आत ३० कंटिन्युइंग एज्युकेशन क्रेडिट मिळवून किंवा एन्कोरसारखी वरच्या पातळीची परीक्षा पास होऊन प्रमाणपत्र पुढे चालू ठेवता येतं. एकदा मुदत गेली की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

नापास झालात तर पाच दिवस थांबावंच लागतं. मी सांगतो, तीन आठवडे थांबा. केंद्राबाहेर पडल्यावर, घरी जायच्या आधी, कुठेतरी बसून कोणत्या विषयाला हात थरथरला ते वहीत लिहा. प्रश्न नाहीत, फक्त विषय. मी पहिल्या वेळी नापास झालो तेव्हा यादीत तीनच ओळी होत्या: ॲक्सेस लिस्टची दिशा, नॅटमधलं (पत्ता बदलण्यातलं) आतलं आणि बाहेरचं, ओएसपीएफ शेजारी न जुळण्याची कारणं. भागनिहाय टक्केवारीही तेच सांगत होती. पुढचे एकवीस दिवस मी फक्त त्या तीन ओळींच्या लॅब केल्या, रोज सकाळी पाच सबनेटिंग, आणि दुसऱ्या वेळची परीक्षा सकाळी नऊची घेतली.